गोड पाण्याचा गुंड

मी गुंड आहे. दचकू नका मित्रांनो, मी सुरा दाखवून कुणाला लुटलेलं नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, पाणी भरायच्या मोठ्या पितळी भांड्याला गुंड म्हणतात. रुंद पोट, आखूड मान आणि बाहेर वळवलेला काठ, असं माझं रूप. काठाखाली बारीक ठिपक्यांनी अक्षरं उमटवलेली आहेत, 'चि. सौ. कां. मनकर्णा हिला मामाकडून'. चोवीस वर्षांत माझं इतकं कौतुक झालं, की तेवढं एखाद्या माणसाचं झालं असतं तर तो बिघडला असता. मीही बिघडलोच. आज ते सगळं कौतुक मला परत करायचं आहे, पण घेणारं कुणी नाही.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं पितळेचा पत्रा तापवून, ठोकून, पुन्हा तापवून मला पोट दिलं. नीट पाहिलं तर हातोडीचे ठोके अजून माझ्या अंगावर दिसतात. मी तयार झाल्यावर त्यानं मला पाण्यानं भरलं, खालून हात फिरवला आणि म्हणाला, "गळत नाई. झालं." माझी जी काय तपासणी झाली ती एवढीच. माझ्यात पाणी कुठलं भरलं जाणार, हे पाहणं त्याचं काम नव्हतं. ज्यांचं काम होतं त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

मामानं मला मनकर्णाच्या लग्नात आंदण दिलं आणि मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तिच्या सासरी आलो. गाव सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला टेकून. गावाचं नाव मी सांगत नाही. वेशीवर एक पाटी आहे, 'हागणदारीमुक्त गाव', आणि मी जे सांगणार आहे ते त्या पाटीला आवडायचं नाही. एका अंगाला साग-मोहाचं रान, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मधून वाहणारा नाला. मनकर्णाचा नवरा श्रीहरी, अडीच एकर धान करणारा, मोजकं बोलणारा माणूस. त्यांना एकच मुलगी झाली, दिव्यानी.

मनकर्णाच्या अंगणापासून तीस पावलांवर बोरिंग होतं. हातपंपाला आमच्याकडे बोरिंगच म्हणतात. ते पार खालून, खडकाच्या पोटातून पाणी काढायचं. पाणी थंड आणि निरोगी, पण त्यात लोखंड होतं. भरताना साफ दिसायचं आणि तासाभरानं त्याच्यावर तांबूस साय धरायची. त्याचा चहा काळा व्हायचा, पांढरा सदरा पिवळा पडायचा. आणि भात शिजवला की तो लाल व्हायचा. इथंच सगळं बिनसलं. काळा चहा एक वेळ चालला असता. पण आमची झाडी धानाची, इथं घराची पारख भातावरून होते. पाहुण्याच्या ताटात लालसर भात पडला तर पाहुणा तोंडानं काही म्हणत नाही, घरी जाऊन चौघांना सांगतो. सोयरीक घेऊन आलेली माणसंही आधी भात पाहतात, मुलगी नंतर.

म्हणून मनकर्णा बोरिंगच्या बाजूनं पुढे जाऊन थेट नाल्यावर उतरायची. नाल्याच्या काठच्या रेतीत हातानं खड्डा उकरायचा, त्याला झिरा म्हणतात. थोडं थांबलं की रेतीतून पाझरून पाणी साचतं. ते वाटीवाटीनं उपसून माझ्यात भरायचं. मी भरायला अर्धा तास जायचा. पाणी नितळ आणि चवीला गोड. भात तर असा फुलायचा की शीत न् शीत मोकळं आणि पांढरंशुभ्र. रेतीतून गाळून आलेलं पाणी शुद्धच असणार, अशी सगळ्या गावाची खात्री होती. डोळ्यांना लाल दिसतं ते घाण आणि नितळ दिसतं ते साफ. याच्यापुढे कुणी विचार केला नाही आणि मीही केला नाही.

भरण्याआधी मनकर्णा मला चिंच आणि राख लावून घासायची. इतकं घासायची की माझ्यात तिचं तोंड दिसावं. मी तिच्या डोक्यावरच्या चुंभळीवर बसून गावातून निघालो की बायका वळून पाहायच्या. मला वाटायचं, या गावात चकाकणारी वस्तू मीच एक.

आता नाल्याचं वरचं अंग कसं होतं तेही ऐका. गावात घरोघरी शौचालयं बांधून झाली होती, म्हणून तर पाटी लागली. त्यातली बरीचशी सरपण आणि कोंबड्या ठेवायच्या कामी आली आणि माणसं पूर्वीसारखीच डबा घेऊन नाल्याच्या काठानं जात राहिली. भैयाजी म्हणजे गावातले मोठे शेतकरी, त्यांच्याकडे मात्र टाइल्सचं शौचालय होतं आणि ते रोज वापरात होतं. खड्डा खणताना खडक लागला, तेव्हा त्यांनी त्याचा पाइप सरळ नाल्यात सोडून दिला. पाइपाचं तोंड बेशरमाच्या झुडपात होतं, म्हणून दिसायचं नाही. उन्हाळ्यात कसंबसं निभून जायचं. पावसाळ्यात काठावरचं सगळं नाल्यात यायचं आणि नाल्यातलं झिऱ्यात.

पावसाळा म्हणजे आमच्याकडे रोवणी. पंधरा-वीस बायकांची टोळी आज एकाच्या बांधीत, उद्या दुसऱ्याच्या. दिवसभर कमरेत वाकून, पोटरीभर चिखलात, धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावायचे. ज्याची बांधी त्याच्या घरचं पाणी, अशी रीत. पण आमच्या गावात ज्याची कुणाची बांधी असो, पाण्याला मनकर्णाचाच गुंड मागून न्यायचे, कारण तिचं पाणी गोड. मला बांधावर पळसाच्या सावलीत ठेवायचे. सोबत स्टीलचा एकच गिलास. तहान लागली की बाई चिखलातून वर यायची, हात पदराला पुसल्यासारखा करायची आणि मनगटापर्यंत माझ्यात बुडवायची. मग "मनकर्णाबाई, जीव थंडा झाला," असं म्हणून दुसरीच्या हातात गिलास द्यायची. हे ऐकलं की मनकर्णाचा चेहरा खुलायचा. ती मनानं फार चांगली बाई. दुसऱ्याच्या तोंडी गोड पाणी पडावं म्हणून चोवीस वर्षं तिनं डोक्यावर ओझं वाहिलं. दुष्ट असती तर तिची गोष्ट सांगायला मला इतकं जड गेलं नसतं.

टोळीत सोमारी नावाची एक गोंड बाई यायची. शेतांपलीकडच्या टोल्यावर, म्हणजे लहान वस्तीवर, तिचं घर. ती एकदा म्हणाली, "बाई, तू इतक्या लांब काऊन जातेस? आमच्या टोल्यावर सारे बोरिंगचंच पेतात."

"अन् भात?" मनकर्णानं विचारलं.

"भात लाल होते. पोटात गेल्यावर कोन पाह्यते?"

सगळ्या बायका हसल्या. टोल्यावरची माणसं कशीही राहतात, असं त्या हसण्यात होतं. मी रिकामा असतो तर मीही खणखणून हसलो असतो.

घरात मात्र एक जण सोमारीच्या बाजूची होती, ती म्हणजे दिव्यानी. वीस वर्षांची पोरगी, सडपातळ आणि पायाची तुरतुरी. वनरक्षकाच्या भरतीची लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता धावण्याची चाचणी तेवढी राहिली होती. पहाटे उठून सिंदेवाहीच्या रस्त्यानं धावत जायची, घामानं चिंब होऊन परत यायची आणि बोरिंगवर वाकून ओंजळीनं पाणी प्यायची. मनकर्णा चिडायची.

"घरी गोड पानी भरून ठेवलं, अन् तू तिथी तोंड लावतेस."

"आई, ते साफ आहे. नाल्यावर लोकं काय करतात ते तुले दिसत नाई का? पुस्तकात लिवलं आहे सारं."

"पुस्तकात भात शिजते का?"

दिव्यानी हसायची आणि बोरिंगचंच पाणी प्यायची. पण जेवण घरचं, भात घरचा. आणि गेल्या वर्षी टोळीला माणसं कमी पडली, म्हणून आठ दिवस ती आईबरोबर रोवणीला गेली. बांधीतून बोरिंग लांब. सगळ्यांबरोबर तिनंही माझ्यात गिलास बुडवला.

बारा-तेरा दिवसांनी तिला ताप आला. सकाळी उतरायचा, संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा वर चढायचा. जिभेवर पांढरा थर, अन्नावर वासना नाही. त्याच आठवड्यात टोळीतल्या आणखी पाच बायका तापानं पडल्या. पावसात भिजल्याचा ताप म्हणून सगळ्यांनी अंगावर काढला. शेवटी गावातली आशा कार्यकर्ती करिश्मा आली, तिनं दिव्यानीच्या कपाळाला हात लावला आणि श्रीहरीला जीप आणायला पाठवलं. सिंदेवाहीला रक्त तपासलं तर टायफाइड निघाला. जुनी माणसं ज्याला मुदतीचा ताप म्हणतात तोच. तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. धावेला महिना उरला होता, पण त्या वेळी धावेचं कुणी बोलत नव्हतं. पोरगी वाचावी, एवढंच मनकर्णा देवाला मागत होती.

चौथ्या दिवशी मनकर्णा कपडे न्यायला घरी आली. आल्या आल्या तिनं सवयीनं मला उचललं आणि नाल्यावरून भरून आणलं. अंगणात शिरते तोच करिश्मा आणि सुनिल नावाचा आरोग्यसेवक दारात उभे. त्याच्या हातात रजिस्टर आणि पाण्याच्या नमुन्याच्या दोन बाटल्या होत्या. कुंपणाशी शेजारच्या तीन बायका येऊन थांबल्या.

"बाई, प्यायचं पानी कुठचं आनता?" सुनिलनं विचारलं.

मित्रांनो, मी तिच्या कमरेवर होतो. काठोकाठ भरलेला. रेतीचे चार कण अजून माझ्या बाहेरच्या अंगाला चिकटलेले होते. मनकर्णानं करिश्माकडे पाहिलं. करिश्मानं मान खाली घातली. झिऱ्याचं पिऊ नका, असं ती दोन वर्षं सांगून थकली होती आणि थकून तिनं आपल्या रजिस्टरात लिहून टाकलं होतं की सारं गाव हातपंपाचं पाणी पितं. मनकर्णानं कुंपणाकडे पाहिलं. तिथं सहा कान उभे होते.

"बोरिंगचं," ती म्हणाली.

तिनं मला दुसऱ्या कमरेवर घेतलं आणि मी हिंदकळलो. थोडं पाणी सुनिलच्या बुटावर पडलं. त्यानं पाय मागे घेतला आणि लिहून घेतलं. त्यानं माझ्यात वाकून पाहिलं नाही, बाटलीही पुढे केली नाही. एवढं केलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

ती खोटं का बोलली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. परक्या माणसासमोर, हातात रजिस्टर असलेल्या माणसासमोर, नाल्याचं पाणी पितो म्हणायला तिला लाज वाटली. बोरिंग दारात असताना नाल्यावर जातो म्हणजे आपण अडाणी ठरतो, आणि पोरगी आजारी पडली ती आपल्या हातानं, हेही कबूल करावं लागलं असतं. आपल्या घराची बूज राखायला तिनं एक शब्द वापरला. पुढच्या दारी शेजारणींनीही तोच शब्द सांगितला. सहा आजारी, सहाही घरं बोरिंगचं पाणी पिणारी. सुनिलनं त्यावरून काढायचा तो अर्थ काढला.

बोरिंगच्या पाण्याचा नमुना तपासायला गेला आणि रिपोर्ट येईपर्यंत बोरिंग बंद करायचं ठरलं. ग्रामपंचायतीचा शिपाई हरिदास पाना घेऊन आला. त्यानं बोरिंगचा दांडा काढला, खांबावर लाल रंगानं फुली मारली आणि दांडा खांद्यावर टाकून ऑफिसात नेऊन ठेवला. भैयाजी ओट्यावरून म्हणाले, "मी तं पह्यलेच म्हनत होतो, लाल पानी वाईट." त्या दिवसापासून जी दोन-चार घरं बोरिंगचं पाणी पीत होती तीही नाल्यावर जायला लागली.

करिश्मा संध्याकाळी एकटीच आली. "काकू, तुमी खरं सांगाले पाह्यजे होतं."

"तू उभी होतीस न तिथी. तू काऊन नाई सांगतलं?"

करिश्मा उठून गेली.

आठव्या दिवशी दिव्यानी घरी आली. गळ्याची हाडं दिसत होती, पण ताप नव्हता. चौदा दिवसांच्या गोळ्या आणि पाणी उकळून देण्याची ताकीद बरोबर होती. मनकर्णानं पोरीच्या अंगावरून हात फिरवला, मीठ-मिरची ओवाळून टाकली. दुसऱ्या दिवशी दिव्यानी काठी धरून अंगणात आली आणि तिला बोरिंग दिसलं.

"बोरिंगले काय झालं, आई?"

"खराब निंगालं म्हनते."

"कोन म्हनते? मी तं रोज तेच पेत होती." तिनं लाल फुलीवरून नजर आईकडे वळवली. "तू त्यायले काय सांगतलं?"

मनकर्णा तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. दिव्यानीला समजलं.

"उद्या जाऊन खरं सांगून ये, आई."

"रोवणी सरू दे. आपली बांधी राह्यली आहे. टोळी उद्या आपल्याकडे येऊन राह्यली. सरली का जातो मी आन् तुहे बाबा."

रोवणी सरू दे. आमच्याकडे या दिवसांत सगळंच रोवणी सरेपर्यंत थांबतं. लग्नाची बोलणी थांबतात, भांडणं थांबतात, दुखणीसुद्धा थांबवतात. पऱ्हे वाट पाहत नाहीत, हे खरंच आहे. ताप तरी कुठं वाट पाहतो, हे कुणी बोललं नाही.

मनकर्णा पहाटे पोरीसाठी पाणी उकळायची. सरपण ओलं, चुलीत धूरच जास्त. एक लहान गंज, म्हणजे पातेलं, भरून उकळायचं, झाकून ठेवायचं आणि बांधीवर निघून जायचं. करिश्मानं पाण्यात टाकायच्या औषधाची बाटलीही दिली होती. त्याला वास येतो म्हणून मनकर्णानं ती कोनाड्यात ठेवून दिली आणि पुढे श्रीहरीचं धोतर पांढरं करायला वापरली.

टोळी आमच्या बांधीत आली त्या दिवशी दुपारी गंजातलं पाणी संपलं. दिव्यानी घरी एकटीच होती. बोरिंगला दांडा नाही. टोल्यावर जाऊन यायचं तिच्या पायांत बळ नाही. चुलीतली लाकडं तिनं फुंकली, ती पेटली नाहीत. मग ती भिंतीला धरत माझ्याजवळ आली आणि झाकण काढलं. तिला ठाऊक होतं माझ्यात काय आहे. गिलास हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग तिनं तो बुडवला आणि प्यायली, नंतर आणखी एक प्यायली. मित्रांनो, भांड्याला नाही म्हणता येत नाही. मला कधी त्याचं वाईट वाटलं नव्हतं, त्या दुपारी वाटलं.

पुढचे काही दिवस असेच गेले. बांधी लावून झाली, तरी मनकर्णा ऑफिसात गेली नाही. आता सांगितलं तर गाव तोंडावर थुंकेल, असं ती श्रीहरीला म्हणाली. श्रीहरीनं मान हलवली. पोरगी बरी होते आहे, मग उगाच कशाला, असं दोघांनी मनाशी ठरवून टाकलं.

गोळ्या संपल्या आणि ताप परत आला. जुनाच उलटला की नवा शिरला, हे पुढे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. दिव्यानीनं तो दोन दिवस लपवला. धावेची तारीख तोंडावर आली होती आणि आता दवाखान्यात गेलो तर नाव कटेल अशी तिला भीती वाटत होती. तिसऱ्या दिवशी ती पोट धरून जमिनीवर लोळायला लागली. श्रीहरीनं काळीपिवळी जीप आणली, तिला मागच्या सीटवर आडवी घातली आणि ब्रह्मपुरी गाठली. मी तिथं नव्हतो. श्रीहरीनं परत आल्यावर सांगितलं तेवढं मला ठाऊक आहे. आतडं फुटलं होतं. डॉक्टरांनी लगेच पुढच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. ती रस्त्यातच गेली. शेवटपर्यंत पाणी मागत होती आणि डॉक्टरांनी पाणी देऊ नका म्हणून सांगितलं होतं.

लग्न न झालेल्या पोरीची तेरवी करावी की करू नये, यावर भावकीत चर्चा झाली. श्रीहरी म्हणाला, करायची. मनकर्णा बारा दिवस भिंतीला टेकून बसून होती. पाणी शेजारणी भरत होत्या, माझ्यातच आणि नाल्यावरूनच. तेराव्या दिवशी उजाडताना ती उठली. शेजारणींनी मला उचललं होतं. तिनं त्यांच्या हातून मला काढून घेतलं.

"पन्नास मानसाचा भात आहे, बाई. तुमच्यानं नाई होनार," एक म्हणाली.

मनकर्णा निघाली. नाल्याची वाट आली तशी मी सवयीनं उजवीकडे झुकलो. ती डावीकडे वळली. बांधाबांधानं चालत ती टोल्यावर गेली आणि तिथल्या बोरिंगखाली तिनं मला ठेवलं. सोमारी घरातून पाहत होती. ती आली आणि काही न विचारता दांडा मारायला लागली. त्या सकाळी आम्ही सात खेपा केल्या. चौथ्या खेपेनंतर सोमारी स्वतःची घागर घेऊन बरोबर आली.

भात लाल झाला. साधा लालसर नव्हे, चांगला विटकरी. वाढणारे हात थबकले. पंगत बसली होती, पत्रावळींवर भात पडला आणि बोलणं एकदम थांबलं. तेरवीच्या पानावर असा भात आमच्या गावानं पाहिला नव्हता. मनकर्णा पंगतीच्या मधे येऊन उभी राहिली. मी तिच्या पायाशी होतो.

"भात टोल्याच्या बोरिंगचा आहे," ती म्हणाली. "आपन साऱ्यायनं त्या मानसाले सांगतलं का आपन बोरिंगचं पानी पेतो. पह्यले मी सांगतलं. ते खोटं होतं. माह्या गुंडात नाल्याचं पानी होतं. पोट्टी मले म्हने, जाऊन खरं सांग. मी नाई गेली. आता जे खोटं सांगतलं ते खरं करा. खा हा भात."

भैयाजींनी पत्रावळ पुढे सारली. "शोकानं बाईचं चित्त ठिकानावर नाई," ते शेजारच्याला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अन् तेरवीले टोल्याचं पानी?"

"भैयाजी, तुमचा पाइप कुठी निंगते ते मले ठाऊक आहे," मनकर्णा म्हणाली. "त्याच्याच खाली मी झिरा करत होती."

भैयाजी उठले. त्यांच्यामागे अर्धी पंगत उठली. टोल्याच्या पाण्याचा विटाळ मानणारे उठले, पाइपाच्या बोलण्यानं भैयाजी रागावतील म्हणून भिणारे उठले, आणि काही जण नुसते बाजूचा उठला म्हणून उठले. श्रीहरी कधी नव्हे तो पंगतीत बसला आणि त्यानं पहिला घास घेतला. करिश्मा खाली मान घालून जेवली, तिच्या पत्रावळीत आसवं पडत होती. सोमारी दाराशी बसून जेवली.

हरिदासही उठून गेला तेव्हा मला वाटलं, हाही त्यातलाच. थोड्या वेळानं तो परत आला, खांद्यावर बोरिंगचा दांडा आणि हातात पाना. "रिपोर्ट चार दिवसापासून ऑफिसात पडून आहे," तो मनकर्णाकडे न पाहता म्हणाला. "पानी पिन्यालायक आहे. लोखंड जरा जास्त. मले कोनी लावाले सांगतलं नाई, म्हनून मी लावला नाई." त्यानं दांडा बसवला, चार बोल्ट आवळले. महिनाभर बंद असलेल्या बोरिंगनं आधी गंजाचं पाणी ओकलं, मग चांगलं दिलं. त्या दिवशी ते भरायला कुणी आलं नाही.

हे होऊन आता वर्ष होईल. आम्ही रोज बोरिंगवर जातो, मनकर्णा आणि मी. माझ्या आतून तांबूस थर बसला आहे आणि बाहेरून मी काळवंडलो आहे, कारण ती मला आता चकाकेपर्यंत घासत नाही. आतून मात्र रोज खरवडून धुते, लांब दांडीच्या पळीनं पाणी काढते आणि माझ्यात कुणाचा हात बुडू देत नाही. दोन-तीन घरं बोरिंगवर यायला लागली आहेत. बाकीच्या बायका डोक्यावर चकचकीत गुंड घेऊन आमच्यासमोरून नाल्याकडे जातात आणि जाताना दुसरीकडे पाहतात. पाटी वेशीवर आहे तशीच आहे. भैयाजींनी पाइपावर आणखी झुडपं वाढू दिली आहेत. यंदाच्या रोवणीत टोळीनं मला मागितलं नाही.

मित्रांनो, पाणी उकळा, हात धुवा, गुंडात हात घालू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतात आणि ते खरं आहे. मी एका भांड्याच्या नात्यानं आणखी एकच मागतो. तुमच्या दारात रजिस्टर घेऊन कुणी आलं आणि विचारलं, की प्यायचं पाणी कुठलं, तर जे असेल ते सांगा. नाल्याचं असेल तर नाल्याचं म्हणा. लाज वाटेल, शेजारी ऐकतील, तरी त्याच वेळी सांगा. आमच्या मनकर्णानंही खरं सांगितलं, पण ते पोरीच्या तेरवीला.